चित्र कापू नका, पुढचा रस्ता राहू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोटार रेसिंगच्या चित्रांवर अख्खं पान आलं, खूप बरं वाटलं, या विषयाला मराठीत सहसा कुणी हात लावत नाही. पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितोय. त्यातलं शर्यतीच्या गाडीचं चित्र पानात बसवायला दोन्ही बाजूंनी कापलंय, मागची धूळ गेली, पुढचा मोकळा रस्ता गेला, गाडी बरोब्बर मधोमध आली आणि तिथेच थांबली.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं असतात. पळती गाडी काढा म्हटलं की सगळे कंपास घेऊन एकदम गोल चाक काढतात, मागे चार रेघा ओढतात, गाडी काही हलत नाही. मग मी त्यांना फ्रान्सच्या लार्तिगने ऐन पोरवयात काढलेला ग्रां प्री या मोटार शर्यतीचा फोटो दाखवतो, १९१२-१३ च्या सुमाराचा. त्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून सरकत जायची, तेवढ्यात गाडी पुढे गेलेली, म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय, आणि त्याने कॅमेरा गाडीबरोबर फिरवला म्हणून कडेची माणसं मागे कललीयत. परवा एका मुलाने ते बघून आपलं गोल चाक खोडलं, कागद पार खरवडला, पण तिरकं चाक काढलं आणि गाडी सुटली ना!

रुसोलो या इटालियन चित्रकाराने त्याच काळात गाडी जवळजवळ काढलीच नाही, नुसती दाबली गेलेली हवा काढली, टोकदार लाल पट्ट्यांची. फ्रेंच चित्रकार जिओ हॅमची १९३० च्या दशकातली मोनॅकोच्या शर्यतीची पोस्टरं, इंग्लंडच्या गॉर्डन क्रॉसबीने ऑटोकार साप्ताहिकासाठी काढलेल्या शर्यती, हे सगळं मुलांनी बघायलाच हवं. तेव्हा ड्रायव्हर छातीपासून वर गाडीबाहेर दिसायचा, वळणावर खांदा कसा आवळलाय, कोपर कसं बाहेर आलंय ते चित्रकाराला काढता यायचं, खरं नाट्य मला तरी तिथे दिसतं. आता फॉर्म्युला वनमध्ये माणूस खोल आत बसतो, २०१८ पासून डोक्यावर हॅलो नावाची संरक्षक पट्टी पण आलीय, नुसतं हेल्मेट दिसतं, त्यामुळे आजच्या चित्रकाराचं काम जास्त अवघड झालंय असं मला वाटतं.

तर विनंती एवढीच, ते चित्र परत छापा, छोटं आलं तरी चालेल पण पूर्ण छापा. वर्गात लावायचंय.

– एक चित्रकला शिक्षक, सातारा