आज खिडकीपर्यंतच

ती. आई आणि ती. बाबा,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुझी ती बेचाळीस किलोमीटरची शर्यत कधी आहे?" आणि मी "या वर्षी नाही" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. फोनवर हे सगळं मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी एक कबुली देते. मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन आठवडे उशिरा आले. ऑफिसमधून सुटी मिळत नाही असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. गुडघ्यापर्यंतचा बूट चढवून, कुबडी घेऊन मी घरात बसून होते. तुमच्यासमोर त्या अवस्थेत आले असते तर आईने स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून माझीच काळजी केली असती, म्हणून लपवलं. पण ज्या दिवसांत तुला हात धरून उठवायला मी हवी होते, त्या दिवसांत मी नव्हते. आई, याचं मला अजून वाईट वाटतं.

ती चीर कशी गेली तेही सांगते. आठवड्याला जेमतेम पंधरा किलोमीटर धावणारी मी, एकदम फुल मॅरेथॉनला नाव देऊन बसले. सात आठवड्यांत पंधराचे पंचेचाळीस किलोमीटर केले. दम लागत नव्हता, म्हणून वाटलं सगळं झकास चाललंय. इथेच फसगत झाली. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत नव्या कष्टाला सरावतात. हाडांना मात्र महिने लागतात. नवा भार आला की हाड आधी आतून थोडं झिजतं आणि मग पहिल्यापेक्षा मजबूत होऊन भरून येतं. भरून येण्याआधीच त्यावर आणखी भार टाकला की ते चिरतं. नडगी तीन आठवडे आतल्या बाजूने ठुसठुसत होती. एका जागी बोट ठेवलं की नेमकं तिथेच कळ यायची. मी बर्फ लावून पुन्हा धावायला जात होते.

मग मी तुमच्याकडे आले. बूट त्याच आठवड्यात निघाला होता, पण धावायला अजून महिनाभर मनाई होती. आई, तू वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत चालायचीस. अकरा पावलं होती ती, मी रोज मोजायचे. चौथ्या दिवशी तू खिडकीशी पोचलीस तेव्हा चेहऱ्यावर दमणूक दिसत नव्हती, म्हणून मी म्हटलं, "आई, चल ना, दारापर्यंत जाऊ, अजून सहाच पावलं आहेत." तू वॉकरचे दोन्ही दांडे घट्ट धरलेस, खिडकीबाहेर बघितलंस आणि म्हणालीस, "आज खिडकीपर्यंतच. दाराचं परवा बघू." आणि सावकाश वळलीस. वॉकरच्या चारही पायांची रबरं फरशीवर टेकेपर्यंत तू पाऊल उचलत नव्हतीस. त्या रात्री मी ठरवलं की पुढचं वर्षभर पाच आणि दहा किलोमीटर, एवढंच. मॅरेथॉनचा विचार त्यानंतर.

पहिली पाच किलोमीटरची शर्यत सहा महिन्यांपूर्वी धावले. मला वाटलं होतं, पाच म्हणजे काय, रोजच तर धावते. तसं नसतं. रोजचं धावणं गप्पा मारता येतील इतक्या आरामाच्या वेगाने करायचं असतं. शर्यतीत पाच किलोमीटर धावायचे म्हणजे शेवटी बोलायलाही दम उरत नाही. शिट्टी वाजली, सगळे सुटले, त्यांच्याबरोबर मीही सुटले. पहिला किलोमीटर ४ मिनिटं ५० सेकंदांत. पाय पिसासारखे हलके वाटत होते. दुसरा ५:२५. तिसऱ्यात मांड्या जड झाल्या, ५:५८. चौथा ६:०७. शेवटी कसाबसा जोर लावून ५:५२. एकूण २८ मिनिटं १२ सेकंद. बाबा, तुम्ही बेरीज करून पाहालच, म्हणून आकडे सगळे दिले आहेत.

त्या चौथ्या किलोमीटरबद्दल थोडं लिहायचं आहे. पहिल्यात उत्साह असतो आणि पाचव्यात शेवट दिसतो. चौथ्यात यातलं काहीच नसतं. माझ्यापुढे एक गृहस्थ धावत होते, साठीच्या पुढचे असावेत. त्यांच्या डाव्या बुटाच्या टाचेचं रबर बाहेरच्या बाजूने झिजून आतला पांढरा थर दिसत होता. मी किलोमीटरभर फक्त तो पांढरा ठिपका पाहत धावले. वर, खाली, वर, खाली. घशात कोरड पडली होती, "थांब" असं कुणीतरी आतून सारखं सांगत होतं आणि मी त्या ठिपक्याला सोडत नव्हते. शेवटी ते माझ्याआधी चार सेकंद पोचले. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी हसून विचारलं, "पहिलीच का? पुढच्या वेळी पहिला किलोमीटर मुद्दाम हळू धावा. हळू वाटलं नाही, तर तो हळू नव्हे." एवढं साधं वाक्य, पण ते अमलात आणायला मला चार शर्यती लागल्या.

छोट्या शर्यतीचं मोल मला इथे कळलं. पाच किलोमीटर जीव तोडून धावलं तरी दोन-तीन दिवसांत पाय मोकळे होतात, दोन आठवड्यांनी पुन्हा उभं राहता येतं. मॅरेथॉननंतर शरीर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे जातात. हौशी माणूस वर्षाला एक, फार तर दोन मॅरेथॉन धावणार. तिथे सुरुवातीच्या वेगात चूक झाली तर ती सुधारायची पुढची संधी थेट वर्षाने. मी सहा महिन्यांत सात शर्यती धावले आणि जवळजवळ प्रत्येकीत नवी चूक केली. एकदा वॉर्म-अप न करता उभी राहिले. शर्यत जितकी छोटी तितका वॉर्म-अप जास्त लागतो, कारण शरीर तापेपर्यंत अर्धं अंतर संपलेलं असतं. एकदा नवे मोजे घालून गेले आणि टाचेला फोड आला. एकदा वळणावर सगळ्यांबरोबर बाहेरच्या कडेने धावत राहिले आणि उगाच जास्त अंतर कापलं. हे सगळं बेचाळीसच्या दिवशी शिकायचं म्हणजे फार महागात पडलं असतं.

सहाव्या शर्यतीत आकडे असे आले: ५:३२, ५:२८, ५:२७, ५:२२, ५:०५. म्हणजे २६ मिनिटं ५४ सेकंद. प्रत्येक किलोमीटर आधीच्यापेक्षा जलद. घड्याळ बंद करताना माझा हात थरथरत होता. आई, तू विचारतेस ना, "पहिला नंबर येत नाही, मग एवढा आटापिटा कशाला?" त्या दिवशी माझ्यापुढे दीडेकशे लोक होते. पण सहा महिन्यांपूर्वी जी चौथ्या किलोमीटरला मोडत होती, ती तिथेच वेग वाढवू शकली, आणि हे मी स्वतः पाहिलं. चाळिशीला आल्यावर आपल्यात असं काही नव्याने घडताना दिसणं यापेक्षा मोठा आनंद मला अलीकडे झालेला नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही मला एमिल झाटोपेकची गोष्ट सांगायचात. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक, ५,००० मीटरचं सुवर्ण, १०,००० मीटरचं सुवर्ण, आणि मग आयुष्यात कधीच न धावलेल्या मॅरेथॉनला नाव देऊन तेही सुवर्ण. मी ती गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून ऐकली. मागच्या वर्षी मी जे केलं त्याच्या मागे ती गोष्टही कुठेतरी होतीच, की हिंमत असली म्हणजे झालं. आता तीच गोष्ट मला वेगळी दिसते. तो मॅरेथॉनला नवखा होता, धावण्याला नव्हता. चारशे चारशे मीटरच्या जलद फेऱ्या वर्षानुवर्षं मारून त्याने पाय घडवले होते. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगेचंही तसंच. २००३ साली पॅरिसला ५,००० मीटरचा जगज्जेता झाला आणि पहिली मॅरेथॉन धावला ती २०१३ साली, हॅम्बुर्गला. मध्ये दहा वर्षं गेली. मी त्यांच्या पंक्तीत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या पायरीवर ते दहा वर्षं थांबले, तिथे मी एक वर्षही थांबायला तयार नव्हते.

मीही आता आठवड्यातून एकदा मैदानावर चारशे मीटरच्या आठ फेऱ्या मारते, मध्ये दीड मिनिट चालत. बाकी बहुतेक धावणं सावकाश. गेल्या महिन्यात दहा किलोमीटर ५६ मिनिटं ४० सेकंदांत धावले. दहाचा आणखी एक फायदा आहे. जो वेग आपण जेमतेम तासभर टिकवू शकतो, त्या वेगाला शरीर सरावलं की त्याहून कमी वेगाने पुष्कळ लांब जाता येतं, आणि माझ्यासारखीला दहा किलोमीटरची शर्यत म्हणजे जवळजवळ तोच तास.

बाबांना आवडेल असा एक हिशेब सांगते. पीट रीगेल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली एक सूत्र मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त, सुमारे २.०८ पट लागतो. माझ्या पाच किलोमीटरच्या वेळेवरून दहाला ५६ मिनिटं ५ सेकंद यायला हवे होते, म्हणजे सूत्र पस्तीसच सेकंदांनी चुकलं. त्याच सूत्राने दहावरून बेचाळीस काढलं तर ४ तास २० मिनिटं येतात. पण तिथे मी त्यावर विसंबणार नाही. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची साठवणीतली साखर, बहुतेकांचं तीसेक किलोमीटरनंतर संपत येतं. धावणारे त्याला 'वॉल' म्हणतात. पाच-दहामध्ये ती वॉल कधी भेटतच नाही, त्यामुळे छोट्या शर्यतींचा वेग पाहून हौशी धावपटू मॅरेथॉनची फार आशा धरतात. मी ४ तास ४० मिनिटं धरून चालणार आहे, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंद. तुमच्या हिशेबाच्या वहीसारख्याच रेघा मारून मी एक वही केली आहे. तारीख, अंतर, वेळ, झोप, आणि शेवटच्या रकान्यात नडगी. त्या रकान्यात सहा महिने शून्य आहे.

तुम्ही पाठवलेलं कात्रण मिळालं, मॅरेथॉन धावताना कोसळलेल्या माणसाचं. भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून मीही शोधून वाचलं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावणाऱ्यांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा ती संपताच बंद पडलं होतं. प्रमाण फार कमी आहे, पण हाफपेक्षा फुलमध्ये ते जास्त होतं, आणि बऱ्याच जणांना हृदयाचा आजार आधीपासून होता. म्हणून ईसीजी, स्ट्रेस टेस्ट आणि रक्ततपासणी करून घेतली. सगळं ठीक आहे. रिपोर्टच्या प्रती या पत्रासोबत आहेत. छातीत काही वेगळं वाटलं तर त्या क्षणी थांबेन, शब्द देते.

आणि आई, "तुझेही गुडघे माझ्यासारखे होतील" हे तू दर वेळी म्हणतेस. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. हौशी धावणाऱ्यांमध्ये खुबा किंवा गुडघ्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्यांमध्ये सुमारे १० टक्के. स्पर्धेत अगदी वरच्या पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ती १३ टक्क्यांच्या पुढे होती. मी हौशीच आहे आणि हौशीच राहणार आहे.

येत्या रविवारी या वर्षातली शेवटची दहाची शर्यत आहे. त्यानंतर दोन आठवडे अगदी सावकाश धावेन, मग मॅरेथॉनची अठरा आठवड्यांची तयारी सुरू. रविवारचा लांबचा रन एका वेळी दोन किलोमीटरने वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करायचं. नडगीच्या रकान्यात शून्याशिवाय काही आलं, तर शर्यत पुढे ढकलेन. या खेपेला तुमच्यापासून लपवणार नाही.

बाबांनी फोनवर सांगितलं की आई आता वॉकरशिवाय कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. किती पावलं होतात ते मात्र कुणी सांगितलं नाही. रविवारी दहा वाजता मी फोन करेन. आधी तू तुझी पावलं सांग, मग मी माझी वेळ सांगते.

तुमची,
ताई