चार्ज द्यायला आणि घ्यायला शिकवलंत, त्याबद्दल: आमच्या शिफ्ट इन्चार्ज मॅडमना खुलं आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली, निरोप समारंभही पार पडला. भाषणांत तुमच्या शिस्तीचं आणि मेहनतीचं कौतुक झालं, पण ज्या गोष्टीसाठी तिन्ही पाळ्यांनी तुमचे मनापासून आभार मानायला हवेत ती बाजूलाच राहिली: चार्ज, म्हणजे पाळी संपताना चालू काम पुढच्या पाळीच्या हाती सोपवणं, तुम्ही आम्हाला नीट शिकवलंत. ती या पत्रात लिहितो आहोत. पत्र खुलं ठेवलंय, कारण दुसऱ्याच्या हातून अर्धवट काम घेऊन पुढे नेणाऱ्या कुणालाही यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

पाळी बदलते ती वेळ सगळ्यात नाजूक, हे तुम्ही आल्या आल्या ओळखलंत. जाणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि येणाऱ्याचं डोकं अजून कामात शिरलेलं नसतं. मग गेटवर किंवा कपडे बदलायच्या खोलीत चार्ज उरकला जातो: "सगळं ओके आहे, दोन नंबरकडे जरा बघ." आता बघायचं म्हणजे नेमकं काय, हे विचारावं तर विचारायला माणूस जागेवर नसतो. तुम्ही यावर माणसांना बोल लावत बसला नाहीत. दोन पाळ्या 15 मिनिटं एकमेकींवर येतील असं वेळापत्रक करून घेतलंत आणि ती 15 मिनिटं पगारी वेळेत धरायला लावलीत. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. वेळ न देता "चार्ज नीट द्या" असं फर्मान काढणं सोपं असतं, पण त्यातून फक्त सह्या मिळतात.

मग जागा ठरवलीत: चार्ज पॅनेलसमोर किंवा मशीनशेजारीच द्यायचा. क्रमही ठरवलात. जाणाऱ्याने आधी लॉगबुक, म्हणजे पाळीची नोंदवही, लिहून पुरं करायचं. येणाऱ्याने ते शांतपणे वाचायचं. मग दोघांनी बोलायचं आणि शेवटी मिळून एक फेरी मारायची. नुसतं तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, आणि नुसतं लिहिलेलं वाचताना शंका विचारता येत नाही. म्हणून दोन्ही हवं, आणि लिखाण आधी हवं, कारण लिहायला बसल्यावरच काय राहिलंय ते जाणाऱ्याला आठवतं.

लॉगबुकातून तुम्ही "ओके", "नॉर्मल" आणि "चालू आहे" हे तीन शेरे हद्दपार केलेत. त्यांच्या जागी काय लिहायचं याचा तुम्ही फळ्यावर लिहून दिलेला नमुना अजून तसाच आहे: "पंप 2 चालू. ड्राइव्हकडच्या बेअरिंगचं तापमान पाळीच्या सुरुवातीला 62 अंश, आता 71. दर तासाला बघा. 80 झालं तर पंप 1 वर घ्या आणि मेकॅनिकलला फोन करा. मेकॅनिकलच्या फोरमनला 5 वाजता कळवलंय." या चार-पाच वाक्यांत आत्ताची स्थिती आहे, ती कुठल्या दिशेने सरकतेय ते आहे, कुठवर थांबायचं ती मर्यादा आहे, मर्यादा ओलांडली तर काय करायचं ते आहे, आणि आधी कुणाला सांगून झालंय तेही आहे. नुसतं "71 अंश" लिहिलं असतं तर नव्या माणसाला ते रोजचंच वाटलं असतं. 62 वरून 71 वर आलंय म्हटल्यावर तो सावध होतो.

अर्धवट कामाची नोंद तर तुम्ही डोळ्यांत तेल घालून तपासायचात. काय उघडलंय, काय काढून ठेवलंय, कुठला इंटरलॉक (धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणारी सोय) बायपास केलाय, मशीन कुणी चालू करू नये म्हणून कुठलं कुलूप आणि टॅग लागलाय, कुणाच्या परवानगीने, आणि ते पूर्ववत कधी होणार, हे सगळं लिहिलेलं हवंच. त्याचं कारण सांगताना तुम्ही उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मचं उदाहरण द्यायचात. 6 जुलै 1988 ला तिथे 167 माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढलेला होता आणि उघड्या तोंडाला ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावलेला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. पंपाच्या दुरुस्तीचं परमिट (कामाचा लेखी परवाना) आणि व्हॉल्व्हचं परमिट वेगवेगळं होतं. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने पंपाचं परमिट पाहिलं, त्यावरचं काम सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून पंप चालू करायला घेतला. फ्लँजमधून वायू गळला आणि स्फोट झाला. लॉर्ड कलन यांच्या 1990 च्या चौकशी अहवालात हे सविस्तर आलं आहे. त्यावरून तुम्ही काढलेला नियम साधा आहे: एका मशीनवरची सगळी परमिटं एकाच क्लिपला लागतील आणि प्रत्येकावर बाकीच्यांचे नंबर असतील. इतका साधा नियम पाळायला कुणाला जड जात नाही, हीच त्याची ताकद.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीचं. रात्रपाळीने टॉवर भरायला घेतला आणि मधेच थांबवला. किती भरलाय, कुठल्या लाइनी भरल्यात, हे लॉगबुकातल्या एका ओळीवरून कळण्यासारखं नव्हतं. 23 मार्च 2005 ला दिवसपाळीने पुन्हा भरणं सुरू केलं, टॉवर ओसंडला, आणि 15 जणांचा जीव गेला. कारणं आणखीही बरीच होती, पण ती एक ओळ आम्ही कुणी विसरणार नाही.

आता तोंडी चार्जबद्दल. "कळलं ना?" या प्रश्नाला माणूस "हो"च म्हणतो, म्हणून तो प्रश्नच तुम्ही बंद केलात. घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं, देणाऱ्याने ऐकून "बरोबर" म्हणायचं किंवा दुरुस्त करायचं, आणि मगच सही. सुरुवातीला हे परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, जुन्या माणसांना जरा अपमानास्पदही वाटतं. त्यावरचा उपाय तुम्ही स्वतःपासून सुरू केलात: आमच्यातल्या सगळ्यात नव्या ट्रेनीने सांगितलेलं तुम्ही स्वतः परत म्हणून दाखवायचात. मॅडम म्हणतात तर बाकीच्यांना कसला कमीपणा?

वॉकीटॉकीवरचे आकडे सुटे बोलायचे, हा तुमचाच आग्रह. बासष्ट आणि बाहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मशीनच्या आवाजात गल्लत व्हायला काय वेळ लागतो! "सहा-दोन" म्हटलं की शंका राहत नाही. आकड्याबरोबर एककही बोलायचं, दाब असेल तर बार की किलो, नाहीतर अंश की टक्के, हेही ओघाने आलंच.

कुठे जास्त वेळ द्यायचा, हेही तुम्ही आखून दिलंत. जुना माणूस नव्याला चार्ज देतोय, दुरुस्तीचं काम दोन पाळ्यांत विभागलंय, सुरक्षेचं एखादं साधन बंद ठेवलंय किंवा माणूस मोठ्या रजेवरून परत आलाय, अशा वेळी 15 मिनिटं पुरत नाहीत. जुन्या माणसाला जे सांगायचीही गरज वाटत नाही, नेमकं तेच नव्याला ठाऊक नसतं.

छापील चेकलिस्टबद्दलचं तुमचं मत आम्हाला पूर्ण पटलंय. रकाने वाढवले की माणूस न वाचता एका दमात सगळीकडे टिक करतो. म्हणून पानभर रकाने काढून टाकून तुम्ही मोजकेच ठेवलेत आणि "नेहमीपेक्षा वेगळं काय" या मथळ्याखाली मोकळी जागा सोडलीत. काँप्युटरवर नोंदी सुरू झाल्या तेव्हा मागच्या पाळीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवायची सोय तुम्ही काढायला लावलीत. रकाना कोराच उघडला पाहिजे, या हट्टावर तेव्हा थोडी कुरकुर झाली. पण चिकटवलेल्या मजकुरात दुरुस्त झालेली गळती आठवडाभर "गळती आहे" म्हणून पुढे सरकत राहते, आणि मग खऱ्या गळतीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं थोडक्यात. "कूलिंग टॉवरचा पंखा कुणीतरी बघा" हा निरोप सगळे वाचतात आणि कुणीच बघत नाही. आधी नाव, मग काम, मग वेळ, आणि झाल्यावर त्याच ग्रुपवर उत्तर. निळी टिक म्हणजे फोन उघडला, एवढंच.

आणि आता ज्याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त कृतज्ञता वाटते ते. वाईट बातमी वर लवकर पोचावी, यासाठी तुम्ही जे केलंत ते. 20 मिनिटं प्रयत्न करूनही बिघाड कळला नाही तर इन्चार्जला फोन करायचा, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात, असा नियम तुम्ही लावलात. सुरक्षेचा प्रश्न असेल तर 20 मिनिटंही थांबायचं नाही. असे नियम पुष्कळ ठिकाणी भिंतीवर असतात आणि पहिल्याच फोनला मरतात, कारण पलीकडून "एवढ्यासाठी उठवलंत?" असं ऐकू येतं. तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "बरं झालं फोन केलात, सांगा." क्षुल्लक कारणासाठी फोन आला तरी हेच. तो फोन टाळता आला असता का, हे दुसऱ्या दिवशी, शांतपणे, एकट्याला बोलावून. माणूस पुढच्या वेळी फोन करेल की नाही, ते या एका वाक्यावर ठरतं.

कनिष्ठाने शंका काढली की काम थांबवून ती तपासायची, हाही तुमचाच दंडक. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. त्यातल्या उड्डाण घेणाऱ्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? अनुभवी कॅप्टनने ठामपणे हटलंय म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच संपला. तुम्ही आम्हाला शंका मांडायचं वाक्यच देऊन ठेवलंत: "मला हे दिसतंय, मला याची काळजी वाटतेय, थांबून तपासू या." शब्द आधीपासून तयार असले की वरिष्ठासमोर धीर गोळा करावा लागत नाही.

बिघाडानंतरच्या बैठकीत तुमचे प्रश्न नेहमी एकाच क्रमाने यायचे: काय झालं, त्या वेळी त्या माणसाला काय दिसत होतं, त्याला ते करणं का योग्य वाटलं, आणि आता व्यवस्थेत काय बदलायचं. "कुणी केलं" हे पहिलं विचारलं की बाकीची उत्तरं गळ्यातच अडकतात. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याची तुम्ही कधी गय केली नाहीत, पण ते प्रकरण वेगळ्या खोलीत चालायचं.

लॉगबुकावरची तुमची सही कधीच नुसती सही नसायची. रोज एक नोंद निवडून, ती लिहिणाऱ्याला सोडून घेणाऱ्याला विचारायचात, "यावरून तुम्ही काय समजलात?" उत्तर चुकलं तर नोंद सुधारली जायची आणि घेणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. ही पद्धत आता तिन्ही पाळ्यांचे फोरमन आळीपाळीने चालवतात.

तुमच्या बदलीनंतर एक भर घातली आहे, ती कळवतो. रजेवरून परतणाऱ्यासाठी लॉगबुकात वेगळं पान केलंय. शेवटच्या हजेरीपासूनच्या "नेहमीपेक्षा वेगळं काय" मधल्या नोंदी त्याने वाचायच्या, अजून लागू असलेल्या तेवढ्या स्वतःच्या हाताने उतरवायच्या, आणि फोरमनला वाचून दाखवायच्या. त्यात काही उणं वाटलं तर हक्काने कळवा.

तुमचे कृतज्ञ,
पहिली, दुसरी आणि रात्रपाळीतले सगळे सहकारी