संगणक ऑलिंपियाडच्या सराववर्गाबाबत सूचना

मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नववी ते बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी प्रोग्रॅमिंग स्पर्धांचा सराववर्ग येत्या रविवारी सकाळी ९ वाजता दांडिया बाजारातील मंडळाच्या सभागृहात सुरू होत आहे.

भारतीय संगणन ऑलिंपियाडच्या टप्प्यांतून निवडलेला ४ विद्यार्थ्यांचा संघ आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडला जातो. १९८९ पासून भरणाऱ्या या स्पर्धेत दोन दिवस, प्रत्येकी ५ तास प्रश्न सोडवायचे असतात, आणि उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, तर प्रोग्रॅमने ते ठरवून दिलेल्या वेळेत आणि मेमरीतच काढावे लागते. म्हणून वर्गात संगणकाला हात लावण्याआधी कागदावर रीत मांडण्यावर भर राहील. मुले घाई करतात ती नेमकी येथेच.

• वही व पेन्सिल प्रत्येकाने आणावी.
• लॅपटॉपमध्ये सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम) आधीच घालून ठेवावा. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांना सांगावे, सोय केली जाईल; केवळ त्यासाठी कोणीही घरी राहू नये.
• एआयकडून लिहून घेतलेला कोड स्वीकारला जाणार नाही.

मुलींची नावे अद्याप फारच कमी आली आहेत, तरी पालकांनी त्यांना आवर्जून पाठवावे, ही आग्रहाची विनंती. वर्गास शुल्क नाही; नावनोंदणी शनिवारी सायंकाळपर्यंत.

– चिटणीस