स्क्वेअर फुटाच्या भावात जाडी कुठे दिसते?

संपादक साहेब,

घर बांधायला काढलं की जो तो एकच विचारतो, स्क्वेअर फुटाला काय भाव ठरला. अहो पण सिमेंट वाळू खडी काय स्क्वेअर फुटावर लागत नाही, घनफुटावर लागते, आणि स्लॅबची जाडी त्या भावात कुठंच दिसत नाही.

हिशोब बघा. १००० स्क्वेअर फुटांचा स्लॅब, जाडी ५ इंच, म्हणजे १००० ला ५ ने गुणायचं आणि १२ ने भागायचं, साधारण ४१७ घनफूट, घनमीटरमध्ये ११.८. तोच ६ इंची केला तर थेट ५०० घनफूट. एम-२० काँक्रीटला, म्हणजे १:१.५:३ मालाला (एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी), घनमीटरला सिमेंटच्या ८ गोण्या धरतात, मग त्या एका इंचापायी जवळजवळ १९ गोण्या वाढल्या, वाळू खडी वेगळीच. स्क्वेअर फूट मात्र तेवढेच!

आणि ४१७ घनफूट काँक्रीट पाहिजे म्हणून कोरडा माल पण ४१७ च मागवला तर स्लॅब अर्ध्यावर अडकणार हे नक्की. खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट, पाणी पडलं की सगळं दबतं, म्हणून इंजिनियर लोक १.५४ ने गुणतात. झाले ६४२ घनफूट. त्याचे साडेपाच भाग पाडले की वाळू येते पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी साडेतीन ब्रास, सिमेंट ९५ गोण्या. शाळेतलं घनफळ आहे हो, यात न कळण्यासारखं काय आहे?

वाळू ओलसर असली तर ती फुगते, २०-२५ टक्के सुद्धा, त्यामुळे गाडीत मोजलेला ब्रास वाळल्यावर ब्रास राहत नाही. बीमचं माप घेताना स्लॅबच्या खालची खोलीच धरायची, नाहीतर वरचे ५ इंच दोनदा मोजले जातात आणि पैसे पण दोनदा जातात.

तुमच्या पेपरात घरांच्या जाहिराती पानपानभर असतात, त्यातच एखाद्या चौकटीत हा हिशोब छापा ना. आणि वाचकांनी कॉन्ट्रॅक्टरकडून फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब प्रत्येकाची लांबी रुंदी जाडी वेगवेगळ्या ओळीत लिहून मागावी, देणारा देतो. वेस्टेजवर, म्हणजे वाया जाणाऱ्या मालापायी जादा धरतात त्यावर, पण लक्ष ठेवा, प्रत्येक ओळीत ५ टक्के आणि खाली बेरजेवर परत ५ टक्के, असली एस्टिमेटं पण बघितलीत.

आपला,
एक नियमित वाचक