कळ थांबली, पण खडा पडला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरचा पारा ४३ अंशांकडे सरकला की आमच्या पूर्व भागात मुतखड्याचा त्रास वाढतो. यंत्रमागावर पाळीभर घाम निथळतो. कांड्या भरणाऱ्या बायका स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीच कमी पितात. लघवी दाट झाली की खडा धरायला वेळ लागत नाही.

माझं औषधाचं दुकान आहे. रात्री शटर ओढायच्या वेळेला कूस दाबत वाकलेला माणूस पायरीशी येतो. त्याला ना बसवत, ना उभं राहवत. सोबतचा गोळ्यांची चुरगळलेली रिकामी पट्टी पुढे करतो : "हीच द्या, मागल्या वेळी लगेच थांबलं होतं." मी चिठ्ठीशिवाय देत नाही, यावरून बोलणीही खातो. त्या पट्टीतलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक या कळीवर गुणकारी आहे, डॉक्टरही बहुधा आधी तेच देतात. पण ज्याच्या किडनीचं काम आधीच मंदावलंय किंवा पोटात अल्सर आहे, त्याला ते घातक ठरू शकतं.

माझं खरं दुखणं पुढचं आहे. इंजेक्शनने कळ थांबते आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. खडा मात्र मूत्रवाहिनीत तसाच अडकलेला असू शकतो. लघवी तुंबून किडनी फुगते, आणि कधी कधी काहीही न दुखता ती कायमची निकामी होते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआप पडतात, हे खरं; पण पडला की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, मात्र वाहिनीच्या मधल्या भागातला खडा अनेकदा निसटतो. शंका उरली तर साधा, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता, सीटी स्कॅन करावा लागतो, त्यात तो जवळपास हमखास सापडतो. सोबत लघवीची आणि किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी हवीच.

कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी अँटिबायोटिकसोबत आधी मूत्रमार्गातून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, किंवा पाठीतून किडनीत नळी घालून लघवीला वाट करून देतात. खडा फोडायचं नंतर बघतात. कुळथाचं पाणी पिऊन अशा रुग्णाची रात्र काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. ऐन कळीत तांब्यावर तांब्या पाणी प्यायल्यानेही खडा ढकलला जात नाही. पाणी एरवी प्यावं, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं.

दवाखान्यांना एकच विनंती. रुग्णाला घरी सोडताना फेरतपासणीची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहा. आमच्याकडे घरोघरी तेलुगू बोलतात. ती तारीख त्यांना तेलुगूतून समजावणारं कुणीतरी खिडकीवर बसवा.

– एक औषधविक्रेता, सोलापूर