आधी बुबुळ मोजा, मग ऑफर सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रविवारी डोळ्यांच्या लेसरच्या जाहिराती येतात ना, १० मिनिटांत चष्म्याला रामराम वगैरे, त्यातलीच एक कापून माझ्या मुलीने फ्रिजवर लावली होती. वय २३, नंबर मायनस साडेसहा, लग्नाचं बघतोय आणि स्थळवाल्यांना फोटोत चष्मा नको असतो (मुलाला असला की तो हुशार दिसतो म्हणे). म्हटलं चला, विचारून तरी येऊ. तिथे मशीनसमोर दोन मिनिटं बसवलं आणि काउन्सेलर मॅडम म्हणाल्या एकदम फिट आहे, आज बुक केलंत तर १० हजार कमी. पोरगी कॉन्टॅक्ट लेन्स लावूनच गेली होती, तिथे वॉशरूममध्ये काढल्या, पण लेन्स वापरता का, कधीपासून, हे कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यावरून मला शंका आली आणि पैसे न भरता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी काही मोजलंच नाही. लेन्स बंद करा, दोन आठवड्यांनी या, म्हणाले, लेन्समुळे बुबुळाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेचा (कॉर्नियाचा), आकार थोडा बदलतो आणि माप चुकतं. नंतर गेलो तर अर्धा दिवस गेला. टॉपोग्राफी म्हणजे बुबुळाचा नकाशा काढला, थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा बघितला, डोळे कोरडे आहेत का ते कागदाची पट्टी लावून बघितलं, पिंपल्ससाठी गोळ्या चालू आहेत का तेही विचारलं कारण त्यातल्या काहींनी डोळे कोरडे पडतात.

मग कागदावर हिशोब मांडला, तो मला किराण्याच्या यादीसारखा कळला. बुबुळाची जाडी साधारण ५२० ते ५४० मायक्रॉन असते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. हिची भरली ४८०. लॅसिकमध्ये, म्हणजे लेसरच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये, वरचा पापुद्रा उचलतात त्यात ११० गेले, एक नंबर घालवायला १४ च्या आसपास घासावे लागतात, साडेसहाचे ९० धरा, उरले २८०. खाली कमीत कमी २५० तरी राहायलाच हवेत पण हे डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. त्यात हिला धुळीची ॲलर्जी, लहानपणापासून डोळे चोळायची सवय, आणि नकाशात बुबुळ खालच्या बाजूला जरा जास्त उभं दिसत होतं. अशा डोळ्यावर लेसर केलं तर पुढे बुबुळ फुगत जाऊ शकतं आणि मग चष्मा लावूनही धड दिसत नाही. सरळ नाही म्हणाले.

लेसर वाईट आहे असं मी म्हणत नाही हां. माझ्या भाच्याने मायनस तीनला केलं, नंबर तीन वर्षं हलला नव्हता, बुबुळ जाड, आज मजेत आहे. पहिले चार महिने ड्रॉप घालत होता आणि रात्री गाडी चालवताना समोरच्या लाइटभोवती कडी दिसायची तेवढंच. चाळिशी लागायची ती लागणारच हे त्याला आधीच सांगितलं होतं, आणि रिपोर्टची फाइल जपून ठेव हेही, म्हातारपणी मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना लागते. मेडिक्लेमचं विचारत असाल तर साडेसातच्या खालचा नंबर त्यात बसत नाही, हे आम्हाला एजंटने नाही पॉलिसीच्या बारीक अक्षरांनी सांगितलं.

तर संपादक साहेब, पानभर जाहिरात घेता तर त्यात एक ओळ तरी छापायला लावा ना की हे कुणाला चालत नाही. पातळ बुबुळ, सारखा बदलणारा नंबर, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, खूप कोरडे डोळे. किती जागा लागते त्याला?

मुलीला डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय सांगितलाय, त्यात बुबुळ घासत नाहीत पण खर्च बराच जास्त. घाई नाही, सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढायचा आणि मग ठरवायचं. तोपर्यंत तिने नवीन फ्रेम घेतली, गोल, तिला शोभते. त्या पहिल्या सेंटरवरून अजून फोन येतात, ऑफर या रविवारपर्यंत वाढवली आहे म्हणून. गेल्या रविवारीही वाढवली होती.

एक वाचक, सांगली