काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मानवतला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. बारावीचे निकाल लागून प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले, की घराघरांत कापडाखाली झाकून ठेवलेले संगणक बाहेर निघतात आणि माझ्या टेबलावर येतात. त्यातले बरेच आधी दुसरीकडं दाखवून आणलेले असतात. आणणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, "मदरबोर्ड गेलाय म्हणले." मदरबोर्ड म्हणजे संगणकातली मुख्य पाटी, जिच्यावर बाकीचे पार्ट बसतात. तो कशावरून गेला, कुणी बघितला, काय तपासलं, हे कुणीच विचारलेलं नसतं. ते विचारलं पाहिजे आणि आम्ही दुकानदारांनी ते सांगितलं पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

परवा एक मावशी मुलीला घेऊन आल्या. सेलूकडच्या एका खेड्यातून रिक्षात संगणक घालून आणला होता. "दादा, हिच्या फॉर्मची तारीख संपायलीय. मोबाईलला त्याच वायफायवर नेट येतंय अन् ह्याला येईना." आधीच्या ठिकाणी त्यांना मदरबोर्डसकट सगळं बदलायचा साडेआठ हजारांचा अंदाज दिलेला होता. संगणक लावला. वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या, पण कुठलीही साईट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९.

तिथंच उत्तर होतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो उतरला की तारीख मागं जाते. प्रत्येक सुरक्षित साईटला ती खरी असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाच्या हिशेबानं अजून २००९ चालू असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो साईट उघडू देत नाही. मोबाईल वेळ टॉवरवरून घेतो, म्हणून त्याच्यावर सगळं सुरळीत. सेल बदलला, तारीख-वेळ बरोबर केली, आणि त्या लेकरानं माझ्या दुकानातच बसून फॉर्म भरला. सेलची किंमत पन्नास रुपयांच्या आत.

हा बिघाड आपल्याकडं जास्त दिसतो, त्यालाही कारण आहे. संगणकाची पिन भिंतीवरच्या बोर्डात असून बटण चालू असेल, तर घड्याळाला मुख्य विजेवरून पुरवठा मिळतो आणि सेलवर ताण येत नाही. आपल्याकडं रात्री बोर्डाचं बटण बंद करायची पद्धत आहे, शिवाय लाईट जाते ती वेगळीच. सगळा भार सेलवर. बटण बंद करू नका असं मी म्हणणार नाही. वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या, की पिन काढलीच पाहिजे आणि राउटरकडून, म्हणजे वायफायच्या डब्याकडून, येणारी लॅनची (नेटची) केबलसुद्धा. फक्त तारीख मागं गेलेली दिसली, की आधी सेल बदला.

दुसरी गोष्ट आपल्या पट्ट्याचीच. मानवत, सेलू, पाथरी हा कापसाचा भाग. जिनिंग सुरू झालं की हवेतली कापसाची बारीक तूस कॅबिनेटच्या (संगणकाच्या लोखंडी पेटीच्या) पंख्यात ओढली जाते आणि प्रोसेसरवरच्या (संगणकाच्या मुख्य चिपवरच्या) पंख्याखाली तिची जाड गादी होते. हवा लागत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला संगणक बंद करतो. परभणीचा उन्हाळा ४४-४५ अंशांवर गेला की हे आणखी लवकर. 'दहा मिनिटं चालतो अन् आपोआप बंद पडतो' असं कुणी सांगितलं, तर मी आधी झाकण उघडून ब्रश घेतो. घरीही हे करता येतं. पिन काढा, झाकण उघडा, पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा म्हणजे ब्लोअरच्या हवेनं ते गरगर फिरून खराब होणार नाही, आणि धूळ काढा. स्क्रीन काळी आणि आतून लांब बीप येत असेल तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढायची, सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकी पुसायची आणि दोन्ही बाजूंच्या चापा खटकन बसेपर्यंत दाबायची. कितीतरी 'गेलेले' मदरबोर्ड एवढ्यानं उठून बसलेले मी बघितलेत.

अर्थिंगबद्दल मात्र कळकळीनं लिहितो. "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात" ही तक्रार ऐकून पॉवर सप्लाय (आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) बदलून देणारे दुकानदार आहेत. पॉवर सप्लायच्या तोंडाशी विजेतला गोंगाट, म्हणजे नको ते चढउतार, गाळायला कपॅसिटर नावाचे लहान पार्ट असतात आणि ते लोखंडी पेटीला जोडलेले असतात. घराला अर्थिंग नसेल, तर पेटीवर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब येऊन बसतो. करंट बारीक असतो, पण यूएसबी आणि लॅनचे पोर्ट त्यानं खराब होऊ शकतात. नवा पॉवर सप्लाय बसवला तरी झिणझिण्या येणारच, कारण दोष भिंतीतल्या वायरिंगचा आहे. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात संगणक लावू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा. आणि झिणझिण्या नसून खरा झटका बसत असेल, तर वायरमन येईपर्यंत संगणक बंदच ठेवा, त्याला हात लावू नका.

वायफायचं थोडक्यात सांगतो. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही, बहुधा रस्त्याच्या खोदकामात तार तुटलीय. संगणकातलं काही बदलून उपयोग नाही. दिवे नीट असतील तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ते पान उघडलं, तर संगणकापासून राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, दोष त्याच्या पुढं शोधायचा. आपल्या जुन्या दगडी घरांच्या भिंती दोन-दोन फुटी. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या: ५ गिगाहर्ट्झची त्या भिंतीतून फारशी जात नाही, २.४ ची त्या मानानं जाते. जुन्या लॅपटॉपला तर ५ वालं नाव यादीत दिसतच नाही, आणि लोकांना वाटतं वायफाय कार्ड जळालं. लोखंडी कपाटामागं किंवा खिडकीतल्या पाण्यानं भरलेल्या कूलरमागं राउटर ठेवला, तर पलीकडं रेंज कुठून येणार? उंचावर, मोकळ्यावर टांगा. दिवे चालू पण नेट सारखं तुटतंय, असं असेल तर राउटरचा अ‍ॅडॅप्टर बदलून बघा. तो अशक्त झाला की दिवे लागतात, पण वायफाय चालवण्यापुरता जोर राहत नाही.

हल्ली आणखी एक वाक्य ऐकू येतं, "विंडोज १० बंद झालं, नवा संगणक घ्या." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) संपला हे खरं आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीनं त्याचा विचार केलाच पाहिजे. पण तुमचा वायफाय लागत नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगून विक्री करणं मला पटत नाही.

दुकानदार म्हणून माझी मागणी साधी आहे. बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता दोष आढळला, तो कसा तपासला, कोणता पार्ट बदलला. आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. मी तो पाकिटात घालून देतो, त्यावर तारीख टाकून. नियमानुसार बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. हे दोन्ही आपल्या खेड्यापाड्यांतल्या वाचकांपर्यंत पोचलेलं नाही. साडेआठ हजार रुपये म्हणजे आमच्या भागात सोयाबीनच्या दीड-दोन क्विंटलचे पैसे. एका सेलसाठी ते जाऊ नयेत.

आपल्या दैनिकात प्रवेशाच्या वेळापत्रकांना रोज जागा मिळते. त्याच पानावर, अर्जांच्या हंगामापुरती तरी, घरच्या संगणकाच्या तपासणीची एक चौकट छापावी अशी विनंती आहे. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन.

आपला,
एक संगणक दुरुस्तीकार, मानवत (जि. परभणी)